एआयकडून कोड लिहून घेताना : मांद्र्याच्या एका बुकिंग प्रणालीच्या निमित्ताने

गोव्यातील मांद्रे येथील नऊ खोल्यांच्या एका गेस्ट हाऊससाठी पर्वरीच्या आमच्या छोट्या कचेरीत बुकिंगची प्रणाली तयार होत होती. तिचा बिलाचा भाग एआयने पाच मिनिटांच्या आत लिहून दिला. कोड नेटका होता, नावे अर्थपूर्ण होती, सोबत टेस्टही (कोड बरोबर उत्तर देतो का हे आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम) लिहिलेल्या होत्या आणि त्या सगळ्या पास होत होत्या. मात्र पहिल्याच नमुना बिलात, रोज ३,००० रुपये भाड्याच्या खोलीत तीन रात्री राहिलेल्या पाहुण्याला १८ टक्के जीएसटी लागलेला दिसला.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. हॉटेलच्या खोलीचा कर ७,५०० रुपयांच्या टप्प्यावर बदलतो आणि हा टप्पा एका खोलीच्या एका दिवसाच्या भाड्यावर मोजायचा असतो. कोडने तो ९,००० रुपयांच्या एकूण बिलावर मोजला होता. टप्प्याच्या आतल्या खोलीला त्याने १२ टक्के दर धरला होता, जो २२ सप्टेंबर २०२५ पासून इनपुट टॅक्स क्रेडिटविना (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न मिळता) ५ टक्के झाला आहे. एकूण बिलावर १८ टक्के लागल्यामुळे ९,४५० रुपयांचे बिल १०,६२० रुपयांचे झाले. टेस्ट पास होत होत्या, कारण ज्या समजुतीने कोड लिहिला त्याच समजुतीने टेस्टही लिहिल्या होत्या. चोरानेच पंचनामा केल्यासारखा तो प्रकार होता.

जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलट निवडक लोकांसाठी खुले झाले, तेव्हा ते आपण टाइप करत असलेली ओळ किंवा फंक्शन पुरे करून देत असे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले आणि शेजारच्या टॅबमध्ये प्रश्न विचारून उत्तर कोडमध्ये चिकटवण्याची सवय लागली. २०२५ पासून क्लॉड कोड, कर्सर यांसारखी साधने एजंट म्हणून रुळली आहेत. ती संपूर्ण प्रकल्पाच्या फाइली वाचतात, त्यांत बदल करतात, टर्मिनलवर कमांड चालवतात आणि टेस्ट फेल झाली तर स्वतःच पुन्हा दुरुस्तीला लागतात. टाइप करण्यात जाणारा आमचा वेळ त्यामुळे बराच कमी झाला. पण काय हवे ते नेमके सांगण्याचे आणि जे आले ते तपासण्याचे काम तेवढेच वाढले. या दोन कामांची घडी कशी बसवावी, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

एक इशारा आधीच द्यायला हवा. एमईटीआर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरांना त्यांच्याच ओळखीच्या मुक्तस्रोत प्रकल्पांतील २४६ कामे दिली. काही कामांत एआय वापरण्याची मुभा होती, काहींत नव्हती. आपण २४ टक्के लवकर काम उरकू असा त्यांचा आधीचा अंदाज होता आणि काम झाल्यावरही आपण २० टक्के लवकर उरकले असेच त्यांना वाटत होते; प्रत्यक्षात एआय वापरल्यावर १९ टक्के जास्त वेळ लागला होता. हे निष्कर्ष त्या वेळच्या साधनांचे आणि मोठ्या, जुन्या, ओळखीच्या कोडचे आहेत, त्यामुळे ते सरसकट सर्वांना लागू करू नयेत. पण वेग वाढल्याचा भास आणि वेग वाढणे यांत एवढे अंतर पडू शकते, हे लक्षात ठेवूनच पुढच्या पायऱ्या वाचाव्यात.

१. कोणते काम द्यावे

याचे उत्तर थोडक्यात देता येते. ज्या कामाचा निकाल तुम्हाला लवकर आणि खात्रीने तपासता येतो, ते काम द्यावे. फॉर्म, एक्सेलमधून डेटा आणणे, एकाच साच्यातले पंधरा रिपोर्ट, लायब्ररीच्या (तयार कोडच्या संचाच्या) जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाणे ही कामे एजंट उत्तम करतो. पैसे, कर, परवानग्या आणि एकाच खोलीसाठी एकाच क्षणी आलेली दोन बुकिंगे यांचा संबंध जिथे येतो, तिथेही त्याची मदत घ्यावी, पण पुढच्या तीन पायऱ्या पार केल्याशिवाय घेऊ नये.

२. नियमांचा कागद

साधनाला काहीही सांगण्यापूर्वी व्यवहाराचे नियम साध्या मराठीत एका कागदावर लिहावेत. हे काम सर्वांत कंटाळवाणे आहे आणि सर्वांत जास्त फळ देणारेही तेच आहे. पूर्वी यातले अर्धे नियम कोड लिहिता लिहिता उमगत असत, कारण हात चालत असताना डोके अडखळायचे आणि आपण मालकाला फोन लावायचो. आता अडखळण्याची ती जागाच उरलेली नाही. एजंट जिथे अडतो तिथे काहीतरी गृहीत धरून पुढे जातो, आणि ते गृहीतक फोन करून विचारत नाही.

मांद्र्याच्या मालकांशी झालेले बोलणे इथे सांगण्यासारखे आहे. “काका, तीन दिवसांचे बुकिंग म्हणजे रात्री किती धरायच्या?” असे मी विचारले.

“दोनच रे. शुक्रवारी येतो, रविवारी जातो. पण दुपारी बारानंतर बसून राहिला तर अर्धे भाडे घ्यायचे.”

म्हणजे गिऱ्हाइकांच्या बोलण्यातले ‘तीन दिवस’ हे प्रणालीत दोन रात्री आणि क्वचित अडीच असे उतरले पाहिजेत. शिवाय ते अर्धे भाडे कोणत्या दिवसाच्या भाड्यात धरायचे, हा नवा प्रश्न निघाला, कारण त्यावर कराचा टप्पा अवलंबून आहे. असे प्रश्न डेव्हलपरने आपल्या मनाने सोडवू नयेत आणि एआयला तर मुळीच विचारू नयेत. लेखापालाकडून लेखी उत्तर घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ च्या अलीकडे आगाऊ रक्कम दिलेल्या आणि पलीकडे राहिलेल्या पाहुण्यांच्या बिलांचेही आम्ही तसेच केले.

कागदावर प्रत्येक नियमासमोर तो कोणी सांगितला आणि कोणत्या तारखेपासून लागू आहे, हे लिहावे. एआयच्या मॉडेलचे ज्ञान एका तारखेला थांबलेले असते. त्यानंतर बदललेला दर त्याला आपोआप कळत नाही, आणि जुना दर तो इतक्या आत्मविश्वासाने लिहितो की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. दर कोडमध्ये न लिहिता, लागू होण्याच्या तारखेसह वेगळ्या तक्त्यात ठेवावा, हा जुनाच सल्ला आता अधिक महत्त्वाचा झाला आहे.

३. प्रकल्पाची सूचना-फाइल

बहुतेक एजंट प्रकल्पाच्या मुळाशी ठेवलेली एक मजकूर-फाइल प्रत्येक वेळी आधी वाचतात. काही साधनांत तिचे नाव ‘एजंट्स डॉट एमडी’ असते, क्लॉड कोडमध्ये ‘क्लॉड डॉट एमडी’. तिच्यात प्रकल्प कसा चालवायचा, टेस्ट कोणत्या कमांडने चालतात आणि कोणत्या फोल्डरला हात लावायचा नाही, एवढे असले तरी पुरे. आमच्या फाइलीत त्याखेरीज दोन ओळी आहेत, आणि त्या दोन्ही ठेच लागल्यावर आल्या आहेत.

पहिली ओळ अशी : सर्व रकमा रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवाव्यात. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर ०.३०००००००००००००००४ असे उत्तर येते, आणि असे कण बिलाच्या बेरजेत साचत जातात. दुसरी ओळ अशी : चेक-इन आणि चेक-आउट यांना वेळ नसते, फक्त तारीख असते. आपली वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे १५ तारखेची आपली मध्यरात्र ही तिथे १४ तारखेची संध्याकाळी साडेसहाची वेळ असते. ती तशीच साठवून तिचा फक्त तारखेचा भाग वाचला की पाहुणा एक दिवस आधी येतो. एजंटने हीच चूक आमच्याकडे दोन वेगवेगळ्या फाइलींत केली. ही चूक त्याने माणसांनी लिहिलेल्या कोडातूनच उचलली असणार, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

फाइल लांबवू नये. चार पानी उपदेश लिहिला तर त्यातले नेमके हवे ते सूचना-वाक्य बाकीच्या गर्दीत दुर्लक्षित होते.

४. टेस्ट आपल्या हाताने

या पायरीवर मी सर्वांत जास्त आग्रही आहे. टेस्टचा सांगाडा एजंटकडून घ्यायला हरकत नाही. त्यातले आकडे मात्र माणसाने, कागदावर हिशेब करून लिहावेत, आणि ते कोड मागवण्यापूर्वी लिहावेत.

मांद्र्याच्या बिलासाठी आम्ही लिहिलेली काही उदाहरणे देतो. ७,५०० रुपयांची खोली, एक रात्र : कर ३७५ रुपये, कारण टप्पा ७,५०० धरून आहे. ७,५०१ रुपयांची खोली, एक रात्र : कर १,३५० रुपये १८ पैसे. ३,००० रुपयांची खोली, तीन रात्री : कर ४५० रुपये. एकाच बुकिंगमध्ये ६,००० आणि ८,००० रुपयांच्या दोन खोल्या, एक रात्र : ३०० आणि १,४४० मिळून १,७४० रुपये. नववर्षाच्या गर्दीत भाडे रोज बदलते, म्हणून ३० डिसेंबरला ७,००० आणि ३१ डिसेंबरला ९,००० रुपये असलेली तीच खोली : ३५० आणि १,६२० रुपये. हे शेवटचे उदाहरण लेखापालांशी बोलल्यावर सुचले. एजंटने लिहिलेल्या टेस्टमध्ये एकाच खोलीचे भाडे रात्रीगणिक बदलते ही कल्पनाच नव्हती.

आणखी एक उदाहरण आम्ही थोडे खट्याळपणे घातले होते : पुण्याहून आलेला पाहुणा. एजंटने त्याला आंतरराज्य व्यवहार समजून आयजीएसटी लावला. मुक्कामाच्या सेवेत पुरवठ्याचे ठिकाण म्हणजे ती इमारत जिथे आहे ते ठिकाण असते. त्यामुळे पाहुणा पुण्याचा असो की दिल्लीचा, मांद्र्याच्या खोलीवर केंद्राचा आणि राज्याचा निम्मा-निम्मा कर लागतो. ती टेस्ट नसती तर कोड वाचताना ही चूक मला दिसली असती, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

टेस्ट तयार झाल्या की त्या कमिट कराव्यात (प्रकल्पाच्या बदल-नोंदीत पक्क्या कराव्यात) आणि एजंटला त्या फोल्डरमध्ये बदल करण्याची मनाई करावी. टेस्ट पास करण्याचे काम सोपवले असता, कोड सुधारण्याऐवजी टेस्टमधला आकडाच बदलणे किंवा त्या एका उदाहरणापुरती खास अट घालणे, हे प्रकार एजंट करतात. मनाई करूनही शेवटी डिफमध्ये (काय काय बदलले ते ओळीओळीने दाखवणाऱ्या यादीत) तो फोल्डर डोळ्यांखालून घालावाच.

५. एका वेळी एक तुकडा

‘बुकिंगची संपूर्ण प्रणाली करून दे’ असे सांगितले तर एजंट ती करून देतो, हीच अडचण आहे. दोन हजार ओळींचा डिफ समोर आला की माणूस पहिल्या दोनशे ओळी नीट वाचतो आणि मग मान डोलावतो. त्याऐवजी आधी फक्त योजना मागवावी, ती वाचून दुरुस्त करावी आणि मग एकेक भाग करून घ्यावा. डिफ एका बैठकीत वाचून होईल एवढाच तुकडा असावा. प्रत्येक तुकड्यानंतर टेस्ट चालवाव्यात, कमिट करावे आणि पुढच्या तुकड्यासाठी नवे संभाषण सुरू करावे. लांबलेल्या संभाषणात आधी रद्द केलेल्या कल्पना पुन्हा डोके वर काढतात, आणि टोकनांचा (मॉडेल वाचते-लिहिते त्या मजकुराच्या तुकड्यांचा) खर्चही वाढत जातो. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट यांपैकी काय केव्हा जाईल याचा भरवसा नसल्यामुळे वरचेवर कमिट करण्याची सवय आम्हाला आधीपासूनच होती. तिचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

एकच गोष्ट तिसऱ्यांदा दुरुस्त करायला सांगावी लागली तर सांगणे थांबवावे. बदल मागे घ्यावेत, नियमांचा कागद पुन्हा पाहावा आणि गरज पडल्यास तेवढा भाग स्वतः लिहावा.

६. आलेला कोड वाचणे

सहकाऱ्याचा कोड वाचताना आपण त्याच्या सवयींवर विसंबतो. अमुक माणूस घाईत असला की कुठे चुकतो, हे आपल्याला ठाऊक असते. एआयच्या कोडाला घाईची खूण नसते. चुकीचा भागही तितकाच सुबक असतो, त्यामुळे दिसण्यावरून काही ठरवता येत नाही, आणि नजर ठरावीक जागी जाणूनबुजून न्यावी लागते.

तुलनेची चिन्हे आधी पाहावीत : ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा कमी किंवा समान’ यांतला फरक ७,५०० रुपयांच्या खोलीवर ९७५ रुपयांचा आहे. त्यानंतर चुका गिळणारा कोड शोधावा. पेमेंट गेटवेकडून उत्तर आले नाही तर एजंटने ती चूक पकडून शांतपणे रिकामे उत्तर परत केले आहे का, हे पाहावे. कारण मग पाहुण्याचे पैसे कापले जातात आणि खोली मात्र रिकामी दिसते.

त्यानंतर नवी पॅकेजेस. अस्तित्वात नसलेल्या लायब्रऱ्यांची नावे मॉडेल सहज रचतात. १६ मॉडेलांकडून ५,७६,००० कोडनमुने लिहून घेणाऱ्या एका अभ्यासात सुचवलेल्या पॅकेजांपैकी, व्यावसायिक मॉडेलांत सरासरी किमान ५.२ टक्के आणि मुक्त मॉडेलांत २१.७ टक्के पॅकेजे अस्तित्वातच नव्हती. असे नाव हेरून त्याच नावाने घातक पॅकेज प्रकाशित करून ठेवणे हल्लेखोराला अवघड नाही. म्हणून नवे पॅकेज आले की ते कोणाचे आहे, केव्हापासून आहे आणि मुळात हवेच आहे का, हे माणसाने तपासल्याशिवाय इन्स्टॉल करू नये.

७. पासपोर्ट, पासवर्ड आणि परवानग्या

गोव्यातल्या गेस्ट हाऊसच्या डेटाबेसमध्ये केवळ नावे आणि फोन नंबर नसतात. परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते, त्यामुळे पासपोर्ट आणि व्हिसाचे तपशीलही तिथे जमा होतात. हा डेटा एआयच्या खिडकीत चिकटवणे म्हणजे तो तिसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवणे होय, आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात घेता हा निर्णय डेव्हलपरने दुपारच्या चहाच्या भरात घेण्यासारखा नाही. विकासासाठी संपूर्णपणे बनावट पाहुणे तयार करावेत. ते तयार करण्याचे काम एजंट हौसेने करतो.

एजंट ज्या संगणकावर चालतो तिथे चालू डेटाबेसचा पासवर्ड असूच नये. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या सेवेच्या एजंटने, बदल थांबवण्याची सूचना दिलेली असतानाही, एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसल्याचे प्रकरण गाजले होते. सूचना म्हणजे विनंती असते आणि परवानगी म्हणजे कुलूप; जिथे कुलूप लावता येते तिथे विनंतीवर भागवू नये.

८. नवीन मुलांचे शिकणे

आमच्याकडे फोंड्याहून येणारी एक कनिष्ठ सहकारी आहे. पूर्वी तिच्यासारख्यांना आम्ही छोटे बग, छोटे फॉर्म देत असू. नेमकी तीच कामे आता एजंट करतो, आणि ती करता करता जे शिकायला मिळे ते शिकणे मात्र एजंट कोणालाही देत नाही. यावर आम्ही एक व्यायाम सुरू केला आहे. एजंटचा कोड मर्ज होण्याआधी (मुख्य कोडात मिसळण्याआधी) तिने त्यात मुद्दाम एक चूक घालायची, उदाहरणार्थ ‘कमी किंवा समान’चे नुसते ‘कमी’ करायचे, आणि एखादी टेस्ट फेल होते का ते पाहायचे. टेस्ट फेल झाली तर ती कामाची. सगळ्या पास झाल्या तर टेस्ट अपुऱ्या, आणि नवी टेस्ट तिने लिहायची. महिन्याभरात ती माझ्यापेक्षा बारकाईने डिफ वाचू लागली. आठवड्यातला एक दिवस ती साधन बंद ठेवून काम करते, त्यावर मात्र तिची अजून कुरकुर असते.

९. वेळेचा आणि पैशाचा हिशेब

वेग वाढल्याच्या भासाचा उल्लेख वर आला आहे. त्यावर उपाय म्हणून एक वही ठेवावी. प्रत्येक कामापूर्वी अंदाज लिहावा, नंतर लागलेला वेळ लिहावा, आणि तो वेळ नियम ठरवणे, कोड मिळवणे, तपासणे व नंतरची दुरुस्ती अशा चार रकान्यांत मांडावा. आमच्या वहीत दुसरा रकाना झपाट्याने आकसला आणि पहिला व तिसरा फुगले. फॉर्म आणि रिपोर्ट यांत एकूण वेळ स्पष्टपणे वाचला. बिलाच्या भागात तो जवळजवळ पूर्वीइतकाच लागला.

याचा परिणाम दरपत्रकावर होतो. तासांवर किंमत लावणाऱ्या छोट्या कंपन्यांना ग्राहक आता विचारतो की कोड एआय लिहितो तर पैसे कसले. म्हणून आम्ही दरपत्रकात ‘नियम-निश्चिती’ आणि ‘तपासणी’ अशा दोन स्वतंत्र ओळी घातल्या. मांद्र्याच्या काकांनीही पहिल्या ओळीवर बोट ठेवून हे कशाचे पैसे, असे विचारले. मी नियमांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि वर्षभर सर्व खोल्या उपलब्ध असल्याची जी ओळ होती तिथे ते थांबले.

“हे चुकले. चवथीला मी कोणाला खोली देत नाही. घरचे सगळे येतात, नऊच्या नऊ खोल्या लागतात.”

चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, तारीख दरवर्षी बदलते, म्हणून बंद दिवसांचा तक्ता वेगळा केला, तो भरण्याची सोय काकांच्या फोनवर दिली, आणि त्याची टेस्ट फोंड्याच्या मुलीने लिहिली.